येलदरीच्या खाली पूर्णेवर दिसलेला हा काळा पक्षी कोणता?

पूर्णाकाठ | गुरुवार, सकाळी ९.१०

राम राम मंडळी.

जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणाच्या खालच्या अंगाला पूर्णेच्या काठावर आमचं वावर आहे. या आठवड्यात रात्रीची लाईट आहे, त्यामुळं हरभऱ्याला पाणी द्यायला मी आखाड्यावरच मुक्कामी आहे. आज सकाळी सव्वासातला मोटर बंद केली आणि तुषारचे पाइप उचलायला वाकलो, तेवढ्यात नदीच्या अंगानं एक मोठा काळा पक्षी येताना दिसला. दोन लिंबाची झाडं एकावर एक ठेवावीत एवढ्या उंचीवरून माझ्या डोक्यावरनं गेला. पाच-सहा वेळा सावकाश पंख मारायचा, मग थोडं तरंगायचा. आवाज अजिबात नाही. बाभळीच्या रांगेपाशी नदीकडं वळला आणि दिसेनासा झाला.

मी लहानपणापासून या नदीवर आहे. घार, पाणकावळा, बगळा, टिटवी, खंड्या, हळदी-कुंकू बदक ही सगळी रोजची मंडळी. हा त्यातला नव्हता, एवढं छातीठोक सांगतो. मोबाइलवर घाईत दोन फोटो काढले, पण आभाळ पांढरंफट्ट आणि पक्षी म्हणजे शाईचा डाग. तरी टाकतो. कुणाला ओळखू आला तर सांगा, सकाळपासून दुसरं काही सुचंना.

माळरान | गुरुवार, सकाळी ९.४०

भाऊ, काळा शराटी आहे हा. आपल्याकडं त्याला काळा कुदळ्या म्हणतात, चोच कुदळीसारखी खाली वाकलेली असते म्हणून. पाण्यापेक्षा नांगरटीत आणि कोरडवाहू वावरातच जास्त सापडतो. उडताना मान पुढं काढतो, पंख मारत मारत मध्येच तरंगतो. खांद्यावर पांढरा डाग आणि डोक्यामागं लाल चामखिळी असतात, पण त्या उडताना खालून कुठल्या दिसायला? खालून सगळा काळाच. आमच्या सेलूकडं बाराही महिने आहेत.

पाणवठा_हिंगोली | गुरुवार, सकाळी १०.०५

मला पाणकावळा वाटतो. सिद्धेश्वर धरणावर हिवाळ्यात शेकड्यांनी असतात, तिथनं नदीनं वर येत असतील. फोटोत मान लांब दिसतेय.

येळवस | गुरुवार, दुपारी १२.३०

मी लातूरचा. पक्षी कुठला ते मला सांगता येणार नाही, पण असाच एक प्रसंग सांगावासा वाटतो.

दोन वर्षांमागं वेळ अमावस्येला आम्ही सगळे शेतात होतो. पूजा झाली, भज्जी, उंडे, आंबील असं जेवण झालं आणि कडब्याच्या कोपीबाहेर पडलो होतो. वर एक मोठा काळा पक्षी गिरक्या घेत होता. मी म्हणलो, गिधाड! माझे थोरले चुलते ऐंशीच्या घरातले. ते उठून बसले. त्यांच्या तरुणपणी गावाबाहेर मेलेल्या जनावरावर गिधाडांचा थवा बसायचा, ते त्यांनी पाहिलेलं. नंतर ती कुठं गेली हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या ढोरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती मेली. सरकारनं २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद केलं, पण तोवर आमच्या भागातलं आभाळ रिकामं झालं होतं. त्या दिवशी चुलते संध्याकाळपर्यंत वर बघत बसले. आल्यागेल्याला सांगत होते, गिधाडं परत आली.

महिनाभरानं मी माझाच व्हिडिओ मोठा करून बघितला. मान लांब पुढं काढलेली, पाय शेपटीच्या मागं. गिधाडाची मान उडताना आत ओढलेली असते, समोरून नुसतं डोकं आणि रुंद पंख. माझा पक्षी कुठला तरी करकोचा होता. चुलत्यांना हे सांगायला मला आठ दिवस लागले. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मी विसरलो नाही. म्हणून म्हणतो, नाव ठेवायची घाई करू नका.

गोदाकाठ | गुरुवार, दुपारी १.२०

पूर्णाकाठ भाऊ, एक विनंती आहे. वरची आणि खालची उत्तरं आणखी वाचायच्या आधी तुम्हाला जे दिसलं ते एका कागदावर लिहून काढा. एकदा नाव कानावर पडलं की डोळा त्या नावासारखंच आठवायला लागतो. कुदळ्या म्हटलं की वाकडी चोच आठवते, पाणकावळा म्हटलं की आखूड पाय आठवतात. शाळेत मुलांना पक्षी दाखवताना मी हे कित्येकदा पाहिलंय.

आणि लिहिताना रंग बाजूला ठेवा. तुम्ही दोनदा ‘काळा’ लिहिलंय, पण सव्वासातला सूर्य नुकताच वर आलेला असतो आणि तुमचा पक्षी उगवतीकडून आला असेल तर त्याच्या मागं सगळा उजेड होता. अशा उजेडात पांढराशुभ्र बगळासुद्धा काळा दिसतो. नाथसागराला, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाला, १९८६ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला तेव्हा मी पैठणला नोकरीला नवी होते. अभयारण्य सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचं. एवढ्या पाण्यावर पक्षी काठाशी येऊन तुम्हाला पिसं दाखवत नाही. जे दिसतं ते लांबून, उडताना आणि बहुतेक वेळा उजेडाच्या आड. त्यामुळं आम्ही रंगापेक्षा आकार आणि चाल बघायला शिकलो.

मला एवढं सांगा. मान सरळ पुढं काढलेली होती, की बगळ्यासारखी घडी घालून छातीवर घेतलेली? पाय शेपटीच्या मागं निघालेले दिसत होते का, आणि किती? चोच सरळ होती की वाकलेली? पंख मारण्याची गती तुम्ही सांगितलीच आहे, फार उपयोगाची आहे ती. आणि त्याच्याजवळ दुसरा एखादा ओळखीचा पक्षी होता का, ज्याच्याशी आकार ताडून बघता येईल? एकटा पक्षी आभाळात केवढा आहे हे भल्याभल्यांना सांगता येत नाही.

रानपाखरू | गुरुवार, दुपारी ३.००

मी फोटो मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या ॲपमध्ये टाकून बघितला. पहिलं नाव मोठा पाणकावळा आलं, दुसरं काळा शराटी.

गोदाकाठ | गुरुवार, दुपारी ३.२५

ॲप चांगलं आहे, मीही वापरते. पण या फोटोत नुसती सावली आहे. ॲपला पक्षी केवढा होता हे कळलेलं नाही आणि पंखांची गती तर स्थिर फोटोत येतच नाही. भाऊंचं उत्तर येऊ दे.

पूर्णाकाठ | गुरुवार, रात्री ८.४५

बाई, तुम्ही सांगितल्यावर मी पुढचं काही वाचलं नाही. खताच्या पावतीमागं लिहून काढलं. जसं लिहिलं तसंच देतो.

मान पुढं काढलेली. बाणासारखी सरळ नाही, किंचित खाली झुकलेली. पाय मागं निघालेले, वीतभर तरी. दोन्ही पाय एकत्र जुळलेले, काठी धरल्यासारखे. चोच लांब आणि सरळ. याबद्दल माझ्या मनात शंका नाही, कारण डोक्यावरून गेला तेव्हा मी बरोबर खाली होतो आणि ती कुठंच वाकलेली नव्हती.

आकार. बाभळीवरचा एक कावळा त्याच्या मागं लागला होता. हे मी सकाळी लिहिलं नव्हतं, तुम्ही विचारल्यावर आठवलं. कावळा त्याच्या शेपटीपाशी होता आणि त्याच्यापुढं अगदीच पोरगेला दिसत होता. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत मोजलं तर अडीच कावळे तरी बसतील.

आणखी एक. माझी लेक सातवीत आहे, ती चहा घेऊन धुऱ्यावरनं येत होती. तिला विचारलं तर म्हणाली, “पप्पा, त्याच्या पोटाला पांढरं होतं की.” मी म्हणलो, नव्हतं, सगळा काळा होता. ती म्हणाली, “तो वळला ना, तवा दिसलं. पोटाला आणि काखंत.” ती खोटं बोलणारी नाही. पण मी तर त्याच्याखालीच होतो, मग मला कसं दिसलं नाही?

आईला विचारलं. ती म्हणाली मोठा काळा ढोक असंल, पूर्वी यायचे. तिच्यालेखी लांब पायाचा प्रत्येक पक्षी ढोकच.

गोदाकाठ | गुरुवार, रात्री ९.५०

भाऊ, पावती जपून ठेवा. किती नीट लिहिलंय तुम्ही.

तुमच्या मुलीचं बरोबर आहे आणि तुमचंही. तुम्ही बरोबर खाली होता. वर उजळ आभाळ आणि तुमच्याकडं पक्ष्याची सावलीची बाजू. त्यात पांढरं पोटही करडं होऊन काळ्यात मिसळतं. पण सूर्य क्षितिजालगत असताना त्याचा उजेड आडवा येतो. पक्षी वळताना एका कुशीवर कलतो, तेव्हा त्याचं पोट आणि पंखाखालचा भाग थेट त्या आडव्या उजेडासमोर येतो. मुलगी धुऱ्यावर, म्हणजे बाजूला होती. तिला ते क्षणभर उजळलेलं दिसलं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची खूण तिचीच आहे.

आता एकेक नाव बाजूला काढू. मान पुढं काढलेली, म्हणजे राखी बगळा आणि जांभळा बगळा गेले. दोघंही मोठे आहेत, उजेडाआड काळे दिसतात, पण उडताना मानेची घडी घालतात. पाणकावळा मान पुढं काढतो, पण त्याचे पंख सारखे आणि जलद चालतात, आणि त्याचे पाय आखूड, शेपटीच्या मागं काठीसारखे निघत नाहीत. घार, गरुड, भोवत्या यांना तर उडताना मान दिसतच नाही.

माळरान दादा, कुदळ्याचा विचार मीही आधी केला होता. पंख मारत तरंगण्याची चाल जुळते. पण त्याची चोच वाकडी, त्याचे पाय शेपटीच्या मागं असे वीतभर निघत नाहीत, आणि तो जेमतेम ६५ सेंटिमीटरचा. कावळा ४० सेंटिमीटर धरला तर अडीच कावळे म्हणजे १०० च्या आसपास. अंदाज थोडा चुकला असं मानलं तरी कुदळ्याला दीड कावळ्यापुढं जाता येत नाही. शिवाय कुदळ्या उडताना बऱ्याचदा कर्कश ओरडतो, हा गप्प होता. मोर शराटी तर कुदळ्याहूनही छोटा, आणि सहसा ओळीनं थव्यात जातो.

लांब सरळ चोच, मान किंचित झुकलेली, पाय मागं, सावकाश पंख, मीटरभर लांबी. हा करकोच्याच्या घराण्यातला आहे. काळ्या पाठीचे आणि पांढऱ्या पोटाचे करकोचे आपल्याकडं दोन. एक कांडेसर, म्हणजे पांढऱ्या मानेचा करकोचा. दुसरा काळा करकोचा. आता सगळं मानेवर येऊन थांबतं. मान पांढरी की काळी?

माळरान | शुक्रवार, सकाळी ७.१५

बाई, कुदळ्याचं मी मागं घेतो. चोच सरळ म्हणल्यावर विषयच संपला.

पण मग कांडेसर का नको? तो आपल्याकडचाच आहे, इथंच उंच झाडावर घरटं करतो, उसाच्या आणि गव्हाच्या वावरात मी स्वतः जोडीनं फिरताना पाहिलाय. काळा करकोचा हिवाळ्यातला पाहुणा. युरोप-आशियाच्या वरच्या भागात वीण करतो आणि ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत इकडं येतो, तोही थोडकाच. जो नेहमीचा आहे तो आधी धरावा. आणि दुसरं, काळ्या करकोच्याची चोच आणि पाय लालभडक असतात. भाऊ बरोबर खाली उभे होते, चोच सरळ होती एवढं त्यांना दिसलं, मग लाल रंग कसा दिसला नाही?

गोदाकाठ | शुक्रवार, सकाळी ८.००

तुमचा पहिला मुद्दा अगदी रास्त आहे. नेहमीचा आधी, हाच नियम. म्हणूनच मी नाव सांगितलेलं नाही.

शटर_नांदेड | शुक्रवार, दुपारी २.१०

माझा फोटोग्राफीचा धंदा आहे, पक्ष्यांतलं मला फारसं कळत नाही. भाऊंनी मूळ फाइल पाठवली, ती उघडून बघितली. आभाळाचा उजेड कमी केला आणि काळ्या भागाचा वाढवला. दिसलं ते सांगतो.

मान आणि पंख एकाच काळेपणाचे आहेत. मान पांढरी असती तर ती पंखापेक्षा एक-दोन पायऱ्या तरी उजळ यायला हवी होती, कारण सावलीतलं पांढरंसुद्धा सावलीतल्या काळ्यापेक्षा उजळच असतं. ती तशी नाही. पोट मात्र मानेपेक्षा उजळ आहे. दुसऱ्या फोटोत पंख जिथं अंगाला जुळतो तिथं तिकोनी उजळ ठिगळ आहे. पण मोबाइल स्वतःच फोटो घासूनपुसून देतो, कडा ओढतो. त्या तिकोनावर मी पैज लावणार नाही. मान काळी, यावर लावीन.

भाऊ, पुढच्या वेळी स्क्रीनवर पक्ष्यावर बोट टेकवा आणि शेजारी सूर्याची खूण येते ती वर सरकवा. आभाळ जळून पांढरं होईल, होऊ द्या. पक्षी दिसेल. आणि जमलं तर सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा.

रानपाखरू | शुक्रवार, दुपारी २.४०

बाई, तिकोनाचा काय अर्थ?

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री ९.१५

काळ्या करकोच्याचं पोट पांढरं असतंच, पण ते पांढरं पंखाच्या मुळाशी, काखेत, तिकोनासारखं शिरतं. कांडेसराचा पंख खालून अंगापर्यंत काळाच असतो आणि त्याचं पांढरं मानेवर आणि मागं शेपटीखाली. तुमच्या मुलीनं ‘पोटाला आणि काखंत’ म्हटलं, भाऊ. तिनं कुठलंही पुस्तक उघडलेलं नव्हतं.

आता माळरान दादांचा लाल चोचीचा प्रश्न. एक शक्यता अशी की उजेडाआड लाल रंगही काळाच दिसतो. पण दुसरी जास्त जवळची वाटते. लाल चोच आणि लाल पाय मोठ्या पक्ष्याचे. पहिल्या वर्षाच्या पिल्लाची चोच आणि पाय करडे-हिरवट असतात, अंगाचा रंग काळ्यापेक्षा तपकिरी, आणि मोठ्या पक्ष्याच्या पिसांवर जी हिरवी-जांभळी झाक असते ती पिल्लावर फार कमी. (ती झाकही रंगाची नसते. पिसाच्या बारीक रचनेवर उजेड पडून ती उमटते, म्हणून विशिष्ट कोनातच दिसते.) उन्हाळ्यात हजारो किलोमीटरवर अंड्यातून निघालेलं पिल्लू डिसेंबरात पूर्णेवर येऊ शकतं.

माझं मत काळ्या करकोच्याकडं झुकतंय. पण फोटोवरून नोंद करायला माझं मन घेत नाही. येळवस दादांनी चुलत्यांचं सांगितलं तेव्हापासून मला ते सारखं आठवतंय. तो पुन्हा बसलेला दिसायला हवा.

येळवस | शुक्रवार, रात्री १०.००

बाई, बरं वाटलं वाचून.

भाऊ, तो ज्या बाजूला वळला तिथं नदी कशी आहे? खोल आहे की उथळ?

पूर्णाकाठ | शनिवार, सकाळी ६.२०

उथळ. सगळा खडक आहे. वर येलदरीच्या वीजघरातून पाणी सोडलं की नदी भरून वाहते. बंद केलं की पाणी ओसरतं, खडक उघडे पडतात आणि मधे मधे डबकी राहतात. त्यात मासोळी अडकते. आमच्या लहानपणी आम्ही टोपलीनं धरायचो.

आज पाणी चालू आहे. तरी जाऊन बसतो.

गोदाकाठ | शनिवार, सकाळी ८.३०

मग तो त्या डबक्यांसाठीच येत असेल! काळ्या करकोच्याला उथळ, वाहतं पाणी आवडतं, धरणाच्या मोठ्या पाण्यापेक्षा ओढे आणि खडकाळ नदी जास्त. मासे, बेडूक, पाण्यातले किडे हे त्याचं खाणं. फार बुजरा असतो. काठावर उभे राहू नका, बाभळीआड बसा, अंगात भडक काही नको. आणि तो येण्याआधी जाऊन बसा. तो बसल्यावर तुम्ही गेलात तर उठून जाईल.

पूर्णाकाठ | सोमवार, सकाळी १०.४०

शनिवारी नाही. रविवारी नाही. आजही नाही, पाणी चालूच आहे. खंड्या आणि दोन राखी बगळे तेवढे दिसले. बगळा उडाला तेव्हा पहिल्यांदाच नीट बघितलं. बाई म्हणतात तशीच मानेची घडी घालतो. चाळीस वर्षं बघत आलो, पण लक्षात कधी आलं नव्हतं.

माळरान | सोमवार, सकाळी ११.००

धीर सोडू नका भाऊ.

पूर्णाकाठ | बुधवार, दुपारी १२.१५

दिसला!

काल रात्री पाणी बंद झालं. पहाटे पाच वाजता नदीचा आवाज कमी झाला तेव्हाच जाग आली. लेकीला उठवलं. तिची शाळा दुपारची आहे. सहाला दोघं जाऊन बाभळीच्या बुडाशी बसलो, अंगावर घोंगडी. थंडी चांगलीच होती. सूर्य पाठीशी येईल अशी जागा आदल्या दिवशीच बघून ठेवली होती.

पावणेआठला आला. या वेळी वरच्या अंगानं, म्हणजे मावळतीकडून आमच्याकडं, सगळा उजेड त्याच्या तोंडावर. पाय खाली सोडले, दोन वेळा पंख फडफडवले आणि खडकावर उतरला. आमच्यापासून शंभर-सव्वाशे पावलांवर असेल. लेकीनं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

आता सांगतो. मान काळपट, पण काळीभोर नाही, भाजलेल्या मातीसारखी तपकिरी. मानेवर बारीक फिक्कट ठिपके, राख उडाल्यासारखे. पाठ आणि पंख गडद. छातीच्या खालून पोट पांढरंशुभ्र, आणि जिथं पांढरं सुरू होतं तिथं रेघ मारल्यासारखी हद्द. चोच लांब, सरळ, करडी, थोडी हिरवट. पाय तसेच. लाल कुठंच नाही. बाई, तुम्ही शुक्रवारी लिहिलं होतं तेच.

डबक्यात गुडघाभर पाण्यात उतरला. एकेक पाय उचलून, थांबून, मान वाकवून बघत चालायचा. चोच पाण्यात गेली की बहुतेक वेळा रिकामीच वर यायची. दीड तासात आम्ही मोजून अकरा मासे गिळताना पाहिले. मासा आडवा धरला गेला की हवेत जरासा उडवून सरळ करायचा, मग गिळायचा. कावळे आले, त्यांच्याकडं त्यानं लक्ष दिलं नाही.

साडेनऊला नदी पुन्हा वाढायला लागली. पाणी खडकावर चढलं तसा तो दोन पावलं पळाला आणि उठला. आमच्या समोरून वळला आणि काखेतला पांढरा तिकोन इतका स्वच्छ दिसला की लेक मोठ्यानं ओरडली, “बघा, म्हणलं होतं ना!” आता फोटो सहा आहेत. शटर भाऊंनी सांगितलं तसं बोट टेकवून उजेड वाढवला. सगळे टाकतो.

शटर_नांदेड | बुधवार, दुपारी १२.४०

तिसऱ्या फोटोत तिकोन आहे. आता त्यावरही पैज लावतो.

माळरान | बुधवार, दुपारी १.०५

काळा करकोचा, पहिल्या वर्षाचा. मान कांडेसराची नाही, चोच मोठ्या पक्ष्याची नाही, पण बाकी सगळं जुळतं. भाऊ, तुम्हाला आणि लेकीला मनापासून मुजरा. सेलूत इतकी वर्षं मी प्रत्येक काळ्या पक्ष्याला कुदळ्या म्हणत आलो. उद्यापासून पाय बघणार.

गोदाकाठ | बुधवार, संध्याकाळी ६.३०

फोटो पाहताना डोळ्यांत पाणी आलं. हो, काळा करकोचाच. छातीवरची ती हद्द, तपकिरी मान, फिक्कट ठिपके, हिरवट चोच. आता मनात काही शंका नाही.

दोन-तीन गोष्टी सांगते. नोंद ईबर्डवर, म्हणजे पक्षी नोंदवायच्या वेबसाइटवर करा, गुरुवारची आणि आजची वेगळी. गुरुवारच्या नोंदीत फोटो अस्पष्ट असल्याचं आणि आज पटल्याचं लिहा. आज दोन तासांत जे आणखी पक्षी दिसले तेही टाका, बगळे, खंड्या, टिटव्या सगळे. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. १९८७ पासून ती दर वर्षी चालते. मोठ्या धरणांवर आम्ही माणसं जातोच, पण येलदरीखालच्या नदीच्या पट्ट्यात कुणी बसल्याचं मला आठवत नाही. तुम्ही बसा. मी येते हवं तर, एसटीनं परभणीपर्यंत येईन, पुढं तुम्ही घ्यायला या.

आणि भाऊ, डबक्यांची नेमकी जागा इथं लिहू नका. बुजरा पक्षी आहे. चार गाड्या भरून माणसं आली की त्याची सकाळची दीड तासाची कमाई बुडेल. पाणी बंद असेल तेवढाच वेळ त्याला मिळतो.

मुलीला सांगा, तिनं जे पाहिलं ते तिच्या शब्दांत वहीत लिहून ठेवायचं. मारुती चितमपल्लींनी रानातल्या माणसांच्या तोंडची पक्ष्यांची नावं अशीच ऐकून, लिहून गोळा केली. आजीचा ‘काळा ढोक’सुद्धा वहीत हवा. आपल्याकडं ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. पुढच्या वर्षी त्या आठवड्यात शाळेत तिलाच बोलायला लावा.

येळवस | बुधवार, रात्री ९.२०

भाऊंचे फोटो आत्ता चुलत्यांना दाखवले. त्यांनी मोबाइल बराच वेळ हातात धरला. मग विचारलं, “हे तेच का, त्या दिवशीचं?” मी म्हणलो, असू शकेल, अमावस्या हिवाळ्यातलीच होती, नक्की नाही सांगता येत. ते म्हणाले, “असू दे. लांबून आलंय म्हणतोस ना, मग खाऊ दे त्याला पोटभर.”

पूर्णाकाठ | शुक्रवार, सकाळी १०.३०

बाई, गणनेला नक्की या. जिंतूरला मी घ्यायला येतो, परभणीवरनं तिथंवर एसटी सारखी असते. आई म्हणाली, बाईंना हुरड्याला थांबवून घे.

लेकीनं वहीत लिहिलंय. पहिल्या पानावर आजीचं नाव, दुसऱ्यावर तुमचं. चित्र काढलंय, त्यात कावळाही काढलाय, आकार कळावा म्हणून.

नोंदी केल्या. काल पाणी चालू होतं, आला नाही. आज बंद होतं. सात पन्नासला आला, नऊ वाजून दहा मिनिटांनी गेला. मासे चौदा.